वाण्याची यादी आणि पाककृतींचं पुस्तक

पाककृतींच्या नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तीन गोष्टींची हमी हमखास छापलेली असते: पदार्थ तब्येतीला चांगले, करायला सोपे आणि घरातल्याच जिनसांतून होणारे. तिन्ही एका दमात म्हटल्या की एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या निरनिराळ्या आहेत आणि पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. पुरणपोळीचं सगळं सामान घरात असतं, पण ती सोपी नाही. साबुदाण्याची खिचडी सोपी, सामानही घरचं, पण पिष्ट, तेल आणि दाण्याचं कूट यांपलीकडे तिच्यात फारसं काही नाही. किन्वाची कोशिंबीर सोपीही आणि पौष्टिकही, पण गावच्या वाण्याकडे किन्वा मागून पाहा! तेव्हा पुस्तक हातात घेतलं की हे तीन दावे सुटे करून तपासावेत. त्यासाठी आहारशास्त्राची पदवी लागत नाही. महिन्याच्या किराण्याची यादी पुरते.

यादी कुणाच्या घरची, हा प्रश्न मात्र आधी सोडवायला हवा. उदाहरणाला शेलार घेऊ. भिवंडीतून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदीनाक्याच्या पुढे हे गाव येतं. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेत त्याची गणना शहरांत. आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने, सायझिंग, डाइंग आणि त्यांत राबायला देशभरातून आलेली माणसं. या पट्ट्यातल्या जुन्या आगरी घरांत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, बोंबील आणि वर्षाचा आगरी मसाला. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगारांच्या खोलीत मोहरीचं तेल, गव्हाचं पीठ आणि बटाटे. भिवंडीच्या पद्मानगरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या तेलुगू विणकरांकडे चिंच, तीळ आणि गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीच. भिवंडीतल्या मुसलमान घरांतला मसाल्यांचा डबा आणखी वेगळा. चार-पाच किलोमीटरांच्या आत ‘रोजचं साहित्य’ या दोन शब्दांचे इतके अर्थ होतात.

पुण्या-मुंबईत छापलेलं मराठी पुस्तक यातलं एकच घर गृहीत धरतं. त्या घरात गोडा मसाला असतो, दाण्याचं कूट असतं, गूळ, चिंच, ओलं खोबरं, कढीपत्ता असतो. फ्रिजमध्ये कोथिंबीर असते आणि ओट्यावर दोन शेगड्या असतात. लेखिकेचा दोष नाही, प्रत्येक जण आपल्या ओट्यावरूनच लिहितो. पण वाचणाऱ्याने ते घर ओळखायला हवं. पुस्तकातल्या कुठल्याही दहा पाककृती काढा आणि प्रत्येकीतले आपल्याकडे नसलेले जिन्नस मोजा. एखादा कमी पडत असेल तर चालतं. सरासरीने तीन-चार कमी पडत असतील, तर ते पुस्तक आपल्यासाठी लिहिलेलं नाही, मग त्यातले फोटो कितीही देखणे असोत. गंमत अशी, की ऑलिव्ह तेल, चिया, ओट्स असला मुंबईकडे जाणारा माल भिवंडीच्याच गोदामांतून सुटतो. मानकोली-दापोड्याची ही गोदामं शेलारपासून दूर नाहीत. पण गोदामात माल असणं वेगळं आणि वाण्याच्या फळीवर असणं वेगळं.

बाहेरच्या जिनसांना इथला पर्याय देणारं पुस्तक मिळालं तर सोडू नये. चिया आणि जवस दोन्हींत ओमेगा-३ जातीचा स्निग्ध पदार्थ असतो, आणि जवस आपल्या चटणीत पूर्वीपासून आहे. केल नावाच्या परदेशी पाल्याची जागा शेवग्याचा पाला किंवा माठ सहज घेतो. क जीवनसत्त्वासाठी महागडी बेरी शोधायला नको, पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं. कॅल्शियमच्या बाबतीत नाचणीला धान्यांत तोड नाही. हे पर्याय लेखकाने स्वतः करून, प्रमाणासकट दिलेले असावेत. ‘किन्वाऐवजी वरीसुद्धा चालेल’ एवढ्या ओळीवर भागवणाऱ्याने वरीला पाणी किती लागतं ते पाहिलेलं नसतं.

आता सोपेपणा. या बाबतीत मराठी पुस्तकांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. पाकशास्त्र लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ संस्कृतात लिहिलं आणि त्यांचा तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध होता. मराठीत छापील पाकशास्त्र आलं ते एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. या काळातल्या पुस्तकांत शेर, पावशेर, तोळे अशी मापं असत आणि वाचणाऱ्याला स्वयंपाक येतोच, असं धरून पुढचं लिहिलेलं असे.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने हे गृहीतच बदललं. १९७० साली ते प्रसिद्ध झालं आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. कमलाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शालेय शिक्षण जेमतेम, पण हात तयार. त्यांनी मापासाठी वाटी आणि चमचा धरला. ही साधी वाटणारी निवड किती दूरदृष्टीची होती, हे तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात कळतं. एक वाटी रव्याला अमुक वाट्या पाणी म्हटलं, की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. लग्न करून परगावी गेलेल्या, हाताशी सासू-आई नसलेल्या मुलींना हे पुस्तक चालतं-बोलतं शिक्षण वाटलं. पुढे मंगला बर्वे यांच्या ‘अन्नपूर्णा’नेही असाच संसारोपयोगी विश्वास कमावला. परदेशी निघालेल्या कित्येक मराठी मुलामुलींच्या बॅगेत या दोहोंपैकी एक पुस्तक गेलेलं आहे.

इंग्रजीतून भाषांतरित पुस्तकांत मात्र हे गणित फसतं. त्यांतला अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी साधारण १५०ची. सगळंच वाटीने घेतलं तर निभावतं. पण पीठ कपाने, बेकिंग पावडर चमच्याने आणि लोणी ग्रॅममध्ये दिलं असेल, तर कपाऐवजी वाटी घेऊन केलेला केक फसणार. पुस्तकाच्या सुरुवातीला मापांचं कोष्टक आहे का, हे म्हणूनच आधी पाहावं.

सोपेपणा तपासायचा तर पाण्याकडे बघा. मिठाला ‘चवीनुसार’ चालतं, पाण्याला चालत नाही. ‘अंदाजाने पाणी घालून शिजवावे’ असं वारंवार लिहिणारं पुस्तक शिकलेल्या हातांसाठी आहे, शिकणाऱ्या हातांसाठी नाही. शेलारच्या वाचकाने तर सरळ तांदळाच्या भाकरीचं पान उघडावं. तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागतं, जुना असेल तर जास्त. पिठाची उकड काढून केलेली भाकरी मऊ राहते. पीठ किती बारीक दळायचं, गरम पाण्यात किती मळायचं, तवा किती तापवायचा, पाणी कधी फिरवायचं, एवढं सांगायला अर्धं पान तरी लागतं. बहुतेक पुस्तकं तीन ओळींत उरकतात किंवा भाकरी देतच नाहीत, कारण ती येतच असेल असं लेखिकेला वाटतं. वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो तांदूळ ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्यावर राहणाऱ्या वाचकाला भाताच्या प्रकरणात मसालेभात आणि नारळीभाताखेरीज काही सापडू नये, याची मला थोडी चीड येते.

पान निवडण्याची ही युक्ती कुठल्याही घराला लागू पडते. आपल्याला सर्वांत चांगला जमणारा पदार्थ पुस्तकात शोधावा. तो तिथे नीट लिहिलेला असेल, आपण ज्या खाचाखोचा जाणतो त्या लेखकानेही नोंदलेल्या असतील, तर न जमणाऱ्या पदार्थांच्या बाबतीतही त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

सोपेपणातली दुसरी गोष्ट पाककृतीत दडलेल्या पाककृतींची. ‘दोन चमचे हिरवं वाटण, चार चमचे भाजलेला मसाला, अर्धी वाटी चिंचेचा कोळ’ अशी सुटसुटीत यादी दिसते. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक जिन्नस अर्ध्या तासाचं काम असतो. बारा तासांच्या पाळीवरून मागावरचा कामगार खोलीवर परततो तेव्हा त्याच्याकडे एक शेगडी, एक कुकर, एक कढई असते. मिक्सर असेलच असं नाही. त्याला ‘वीस मिनिटांत’ म्हणून दिलेला पदार्थ वीस मिनिटांत होतो का, हे पाहताना भिजवणं, निवडणं, वाटणं हे सगळं धरायला हवं. भांडी मोजावीत. चार भांडी खरकटी करणारा पदार्थ रोज होत नाही, मग तो कितीही गुणकारी असो.

तिसरा दावा आरोग्याचा, आणि गोंधळ जास्त तो इथेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठीची आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिने जे ताट सांगितलं, त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासळी मिळून ८५, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आहे. मीठ ५ ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत.

हे आकडे माणशी आणि दिवसाचे असल्याने डोक्यात राहत नाहीत. ते वाण्याच्या यादीत उतरवून बघा. चार मोठ्या माणसांचं घर धरलं, तर महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साडेतीन लिटर. साखर आणि गूळ मिळून फार तर तीन किलो. मीठ ६०० ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही आलं. भाजी मात्र रोजची दीड किलोहून जास्त. आता मागच्या महिन्याचं बिल काढा. बहुतेक घरांत तेल आणि साखर या हिशेबाच्या वर जातात आणि भाजी अर्ध्यावरही येत नाही. म्हणजे आपल्याला पुस्तक हवं आहे ते पुष्कळ भाजी खपवणारं आणि थोड्या तेलात भागवणारं. मुखपृष्ठावरच्या घोषणेपेक्षा ही गरज जास्त नेमकी आहे.

पुस्तकाच्या कुठल्याही भाजीवर हा हिशेब लावता येतो. ‘चौघांसाठी, अर्धी वाटी तेल’ असं असेल तर ते ७५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ६८ ग्रॅम. माणशी १७ ग्रॅम झालं, एका भाजीत. दिवसाच्या २७ ग्रॅमपैकी निम्म्याहून जास्त तिथेच संपलं. पोळीला, आमटीच्या फोडणीला, सकाळच्या पोह्यांना उरलं काय? चहाचा चमचा साडेचार ग्रॅम तेल धरतो, जेवणाचा मोठा चमचा साडेतेरा. एवढं पाठ असलं तर दुकानात उभ्या उभ्या पुस्तकाची परीक्षा होते. आणि पाककृती किती जणांसाठी, हेच लिहिलेलं नसेल, तर त्या पुस्तकाला आरोग्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असं मी म्हणेन.

अनुक्रमणिकाही बोलकी असते. लाडू, वड्या, चिवडे, चकल्या, भजी, वडे यांनी निम्मी पानं भरली असतील तर ते सणासुदीचं आणि पाहुणचाराचं पुस्तक आहे. जुनी पुस्तकं पुष्कळशी तशीच असत, कारण रोजची भाजी-आमटी शिकायला पुस्तक लागत नसे. आता तीच शिकायला लागतं.

जुन्या पुस्तकांच्या नव्या छपाईत आणखी तीन खुणा शोधाव्यात. पहिली वनस्पती तुपाची. एके काळी घरोघर डालडा होता आणि नानकटाईपासून शंकरपाळ्यांपर्यंत पाककृतीत तो बिनदिक्कत लिहिला जाई. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक ठरल्याने देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२पासून तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. पाककृतीत ती दुरुस्ती झाली आहे का? दुसरी खूण खाण्याच्या सोड्याची. छोले-वाटाणे लवकर शिजावेत म्हणून सोडा घाला असं सांगितलेलं आढळतं. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रात्रभर भिजवणं आणि कुकर हा त्यावरचा उतारा. तिसरी, भात वेळून पाणी फेकून देण्याची. ब गटातली जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर जातात. आपल्याकडची पेज त्या दृष्टीने शहाणपणाची. जे पाण्यात उतरतं ते पोटात जातं. जीवनसत्त्व गेलेल्या तांदळाची गोष्ट भारतीय पोषणसंशोधनाच्या मुळाशीच आहे. बेरीबेरीच्या, म्हणजे ब-१च्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी १९१८ साली कुन्नूरला एक छोटं केंद्र निघालं. ते १९५८ साली हैदराबादला गेलं आणि त्याचीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एका मराठी बाईंनी काम केलं होतं आणि पुस्तक निवडणाऱ्याने त्यांचं नाव लक्षात ठेवावं: डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, जन्म १९११. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या बाई आहेत म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, १९३३ साली अटींवर का होईना आत शिरल्या, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतली प्रथिनं, धानाचं पीठ, नीरा अशा साध्यासुध्या माणसाच्या अन्नावर संशोधन केलं. कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते शिजवल्याने निष्प्रभ होतात. वाल भिजवा, मोड आणा, सोला, मग शिजवा, ही बिरड्याची लांबलचक कृती आगरी आजीने रसायनशास्त्र न शिकता बसवली. त्यामागचं शास्त्र प्रयोगशाळेत उलगडत होतं.

सोहोनीबाई तिथेच थांबल्या नाहीत. ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी भेसळीविरुद्ध काम केलं आणि सामान्य वाचकासाठी मराठीत ‘आहारगाथा’ लिहिली. त्यांच्या थोरल्या बहीण म्हणजे दुर्गाबाई भागवत, ज्यांनी ‘खमंग’ लिहिलं. एका घरातून एकीने चवीचं आणि दुसरीने पोषणाचं पुस्तक दिलं! मराठी वाचकाने दोन्ही एकाच फळीवर ठेवायला हवी होती. आपण चवीचं डोक्यावर घेतलं आणि पोषणाचं विसरलो.

नव्या ‘हेल्दी’ पुस्तकांतल्या चुका निराळ्या असतात. साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातला की लाडू मधुमेह्याला चालतो, हा त्यातला सर्वांत लोकप्रिय समज. गुळात थोडी खनिजं असतील, पण उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच आणि रक्तातली साखरही तो वाढवतोच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा ही चूक किरकोळ नाही. ‘तळलेलं नाही, भाजलेलं’ म्हणून दिलेल्या बिस्किटात मैदा आणि लोणी किती, ते पाहावं. आणि ‘मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या पाककृती’ असं कुठे छापलं असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवावं. असे आजार बरे करण्याच्या दाव्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. जेवणाने साखर आटोक्यात यायला मदत होते, गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतात.

चांगल्या पुस्तकात अशा गाजावाजाऐवजी लहान लहान सूचना असतात. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. अशा राज्यात पालेभाजीच्या शेवटी ‘वरून लिंबू पिळा’ आणि ‘जेवणाला लागून चहा घेऊ नका’ या दोन ओळींची किंमत मोठी आहे. लिंबाने लोह अंगी लागतं, चहाने अडतं. सुकट-बोंबलाच्या पाककृतीत ‘आधी गरम पाण्यात भिजवून दोनदा धुवा’ असं आहे का? सुक्या मासळीत प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, मीठही भरपूर. पण मुळात सुकटीची पाककृती किती आरोग्यविषयक मराठी पुस्तकांत असते? आरोग्य म्हणजे शाकाहार असं जणू ठरूनच गेलंय. खाडीकाठच्या माणसाने ते ऐकावं का?

भिवंडीत आणखी एक स्वयंपाकघर आहे, ज्याच्यासाठी कुणी पुस्तक लिहीत नाही. यंत्रमागाच्या वस्तीत कामगार महिन्याचे पैसे भरून जिथे जेवतात त्या खानावळीला इथे बिस्सी म्हणतात. पुष्कळदा ती बायाच चालवतात. चौघांची पाककृती चाळीस जणांसाठी, म्हणजे दहापट करायची तर तेल आणि तिखट त्याच पटीत वाढवायचं नसतं. फोडणीला लागणारं तेल माणसांच्या प्रमाणात वाढत नाही. पण हे सांगणार कोण? याबाबत एक सरकारी मापदंड कामाचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा तेल, आणि त्यात एका वेळची खिचडी होते. मोठ्या माणसाला भूक जास्त, म्हणून धान्य-डाळ वाढवा, पण बिस्सीच्या पातेल्याला हा हिशेब लावायला हरकत नाही. स्वस्तही पडतो.

पुस्तकांत सहसा न येणारी आणखी एक गोष्ट पावसाळ्यातली. पहिल्या पावसाबरोबर वाडा-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, कोरळ घेऊन बाजारात बसतात. ४०० ग्रॅम भाजीचा रोजचा कोटा भरायला याहून स्वस्त आणि बिनखताचं दुसरं काय असणार? पण रानभाजी इंटरनेटवरच्या अर्धवट कृतीवरून करू नये. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. नीट साफ न करता, आंबट न घालता शिजवलं तर घसा जबरदस्त खाजतो. म्हणून त्यात काकड नावाची आंबट फळं घालतात, ती न मिळाल्यास चिंच. काकडांचे वाटे त्याच बाईच्या टोपलीत शेवळ्यांशेजारी असतात. शेवळ्याची पाककृती देताना काकडांचा उल्लेख न करणाऱ्या पुस्तकाने ती भाजी केलेली नाही, फक्त ऐकलेली आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तिथे प्रत्यक्ष करणाऱ्या बाया भेटतात. त्यांना विचारून वहीत लिहून घेतलेली चार पानं कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा भरवशाची. न ओळखता येणारी रानभाजी मात्र कुठल्याही पुस्तकातल्या फोटोवर विसंबून आणू नये.

मग घ्यावं कुठलं? माझा कौल जुन्या, सर्वसाधारण पुस्तकाला आहे. ‘हेल्दी’ असं ठळक छापलेल्याला नाही. ‘रुचिरा’, ‘अन्नपूर्णा’ यांच्या तोलाच्या पुस्तकात हाताला वळण लागतं. त्यातलं तेल निम्म्यावर आणणं, वनस्पतीच्या जागी साधं तेल किंवा थोडं तूप घेणं, गोडाची पानं सणापुरती ठेवणं, हे ज्याचं त्याला जमतं. याच्या उलट, ज्या पुस्तकात आकडे आणि इशारे खूप पण पदार्थ बेचव, ते दुसऱ्या आठवड्यात कपाटात जातं. चव नसलेल्या पौष्टिक पदार्थाचा उपयोग शून्य, कारण तो कुणी खात नाही. जोडीला आहारशास्त्रावरचं एखादं साधं मराठी पुस्तक असावं आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाचे आकडे फ्रिजच्या दारावर किंवा मांडणीच्या फळीवर चिकटवलेले असावेत. तिसऱ्या पुस्तकाची गरज निदान पहिल्या वर्षी पडत नाही.

आणि विकत घेण्याची घाई करू नका. सार्वजनिक वाचनालयांत पाककृतींचा विभाग असतोच. पुस्तक आधी तिथून आणा, वाण्याची यादी शेजारी ठेवून चाळा आणि दोन आठवड्यांत त्यातले पाच साधे, रोजचे पदार्थ करा. त्यातले तीन घरच्यांनी पुन्हा मागितले आणि तेलाची बाटली नेहमीपेक्षा उशिरा संपली, तर ते पुस्तक खुशाल विकत घ्या.